पानिपतची पत्रे आणि राजवाडे

आज जिथे नोएडा वसले आहे, तो यमुनेचा पूर्वकाठ १७६० च्या पावसाळ्यात अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीच्या बाजूचा होता. ऑगस्टमध्ये मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पण नदीला पूर होता आणि दोन्ही फौजा आपापल्या काठावर अडकल्या. मराठ्यांसाठी पैसा आणि रसद याच दुआबातून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातून, गोविंदपंत बुंदेले यांनी पाठवायची होती. ती पुरेशी पोचली नाही. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत मराठ्यांचा पराभव झाला.

हा घटनाक्रम मूळ पत्रांवरून पारखता येतो, याचे मोठे श्रेय विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे. वाईत मिळालेली जुनी पत्रे त्यांनी वाचली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले.

बखर बहुधा घटनेनंतर, आठवणीवर लिहिलेली असते. बखरकाराला पराभव ठाऊक असतो आणि तो दोषी शोधत मागे जातो. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते. त्याला नावा हव्या असतात, पैसा हवा असतो. मात्र मोडी पत्र वाचता आले म्हणजे काम संपत नाही. त्यावर अनेकदा मुसलमानी महिन्याची तारीख असते, साल नसते. मजकुरातल्या घटना जुळवून ते ठरवावे लागते. राजवाड्यांची खरी मेहनत इथे आहे.

 

राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, पुढे मतभेदांमुळे ते सोडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनातला जातीचा अभिमान टोकाचा होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्याला ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिले. त्यामुळे त्यांची साधने विश्वासाने वापरावीत, निष्कर्ष मात्र पारखून घ्यावेत.

नोकरीनिमित्त नोएडात आलेल्या ज्या मराठी कुटुंबांच्या गावच्या वाड्यात मोडी कागदांचे रुमाल अजून बांधलेले असतील, त्यांनी वाडा विकण्यापूर्वी ते एखाद्या संशोधन संस्थेला दाखवावेत.