कारंज्याचे स्थानक आणि घरातील चोपड्या

वऱ्हाडात मूर्तिजापूर ते यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या लोहमार्गावर कारंजा (लाड) हे स्थानक आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने हा मार्ग कापसासाठी उभारला. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस या गाडीने मूर्तिजापुरास, तेथून मोठ्या गाडीने मुंबईस आणि पुढे जहाजाने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले. लोकांनी गाडीस ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेची जागा डिझेलने घेतली.

स्वातंत्र्यानंतरही हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. अशा व्यवस्थेत निगा मागे पडली. आज स्थानक ओस आहे.

याच कारंज्यात सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या परंपरांची मंदिरे आणि शास्त्रभांडारे आहेत. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. हजार वर्षांपूर्वीचे काव्य आपल्यापर्यंत पोहोचले, कारण पिढ्यान्‌पिढ्या श्रावकांनी प्रती करविल्या, वेष्टनांत बांधल्या आणि श्रुतपंचमीस उघडून त्यांची काळजी घेतली.

स्थानकाच्या वाट्याला हा विनय आला नाही. किती गाठी चढल्या, कोणत्या साली कापूस पिकला नाही, हमालांस काय मजुरी मिळाली, मंदीत कोणाची अडत बुडाली आणि कोणी कोणास सावरले, हे कंपनीच्या कागदांत क्वचितच सापडेल. ते असते व्यापारी घरांच्या रोजमेळांत, खतावण्यांत आणि जुन्या बिल्ट्यांत. अन् नेमके हेच कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या भावाने जातात.

चोपडीपूजनात नव्या वहीला कुंकू लावताना जुनीचीही आठवण असावी. घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून त्या उघडाव्यात. मोडी वाचणारा कोणी असेल तर त्याच्याकडून वाचून घ्याव्यात. साल, गाव आणि पेढीचे नाव लिहून कोरड्या जागी कापडात बांधून ठेवाव्यात. अपरिग्रहाचा अर्थ पूर्वजांचा हिशेब फेकून देणे असा नव्हे. त्यांनी सचोटीने लिहिलेली ओळ आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे, आणि ठेव सांभाळणे हा तर पेढीचा पहिला धर्म आहे.