रेघ पोराची, चित्र कोणाचे?

सध्या शाळांमध्ये एक नवा प्रकार सुरू झाला आहे. पोराने वहीत पेन्सिलने काढलेला कच्चा आराखडा मोबाईलवर टिपायचा, एआय ॲपमध्ये टाकायचा आणि मिनिटभरात तयार झालेले चकचकीत चित्र पालकांच्या ग्रुपवर पाठवायचे. खाली मुलाचे नाव. मग 'माशाअल्लाह' आणि अंगठ्यांचा पाऊस. मला भीती वाटते ती या कौतुकाचीच.

ॲप पोराच्या रेघेचा फक्त इशारा घेते. बाकीचे रंग, सावली, पोत हे सगळे ते दुसऱ्यांच्या चित्रांवरून शिकलेले असते. स्टेबल डिफ्युजन हे मॉडेल ज्या लायन-5बी संग्रहातून निवडलेल्या चित्रांवर शिकले, त्या संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे 585 कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या. त्या चित्रकारांना ना कोणी विचारले, ना कोणी मोबदला दिला. म्हणजे मेहनत हजारोंची आणि नाव आपल्या पोराचे. घरात आपण मुलांना हेच शिकवतो का?

अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी 2025 च्या अहवालात नेमक्या अशाच प्रकाराचा विचार केला आहे. हाताने काढलेले रेखाटन यंत्राला दिले, तर तयार चित्रात माणसाची जेवढी निर्मिती ओळखू येते, तेवढ्यावरच त्याचा हक्क. कार्यालयाला जे कळते ते आपल्याला कळू नये?

आता नुकसान पाहा. नाचणगाव-पुलगावकडचे पोर पोळ्याचा बैल काढते. पाय वाकडे असतील, पण शिंगे, वशिंड, कपाळ हे सगळे त्याने रोज पाहिलेल्या गवळाऊ बैलाचे असते. वर्ध्याच्या मातीतली ही जात यंत्राला ठाऊक असेलच असे नाही. ते बैल सुबक करते, पण तो कुठलाही बैल होतो. पोराने जे डोळ्यांनी कमावले होते तेच पुसले जाते. वर त्याला धडा मिळतो की, तुझे वाकडे होते, यंत्राचे सरळ आहे. असे दोनदा झाले की पोर पेन्सिल खाली ठेवते.

उर्दूत 'इस्लाह' नावाची रीत आहे. शागिर्द गझल लिहून आणतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो आणि का बदलला ते सांगतो. गझल शागिर्दाचीच राहते आणि पुढची अधिक चांगली होते. तख्तीवर मश्क करणाऱ्या मुलाचे अक्षरही असेच वळते. हे ॲप इस्लाह करत नाही, ते सगळी गझलच बदलून देते आणि कारण सांगत नाही. कच्च्यापासून पक्क्यापर्यंतची वाट हेच तर शिक्षण. ती वाटच काढून टाकली, तर शाळेने शिकवले काय?

काही जण म्हणतील, 'सर, यंत्राला असाच विरोध कातिबांनीही केला होता.' मग नूरी नस्तालीकचे उदाहरण घेऊ. 1981 मध्ये संगणकावर आलेल्या त्या उर्दू अक्षरांसाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड स्वतःच्या हाताने लिहिले. वडील नूर अहमद यांचे नाव त्या लिपीला मिळाले. यंत्र तिथेही होते, पण हात कोणाचा हे जगाला माहीत होते. वाद यंत्राशी नाही, हाताचे नाव पुसण्याशी आहे.

हा जिल्हा तरी हे विसरू नये. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून निघालेल्या समितीचे अध्यक्ष होते पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन. मूल हाताने काम करत शिकते, हा त्या नई तालीमचा गाभा. त्याच वर्ध्यात आपण मुलांचा हात रिकामा करायला निघालो आहोत.

यामागे एक सोयही दडली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. तो मागण्यापेक्षा ॲप वापरणे स्वस्त. शहरातल्या सधन पोराला क्लास मिळेल आणि आपल्या मोहल्ल्यातल्या पोराला ॲप. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसल्यावर समोर कोरा कागद असतो. तिथे मोबाईल नसतो.

ज्याचा हात चालत नाही त्याने ॲप जरूर वापरावे. दुकानदाराने जाहिरातीसाठी वापरावे, शिक्षकाने आकृती दाखवायला वापरावे. पण शाळेच्या स्पर्धेत आणि प्रदर्शनात नियम साधा असावा : मूळ कच्चे चित्र आधी लावा. यंत्राचे लावायचेच असेल तर शेजारी लावा आणि त्याखाली यंत्राचे नाव लिहा. बक्षीस मात्र कच्च्या चित्राला द्या. आणि शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढेच विचारावे : आमच्या मुलांचा चित्रकलेचा शिक्षक कुठे आहे?