रुग्णालयांतील अग्निसुरक्षा : कागदावरची आणि खाटेजवळची

जेथे जीव वाचावा म्हणून माणूस जातो, तेथेच त्याचा आगीत अंत व्हावा, याहून मोठी शोकांतिका नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात १० बालके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला, आपल्या वसई धर्मप्रांताच्या परिसरातील विरार येथे, अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीने १५ कोविड रुग्णांचे प्राण घेतले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ जण मृत्युमुखी पडले.

कायदा नव्हता, असे नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावे लागते. राजकोट येथील आगीनंतर डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णालयांची दरमहा अग्निसुरक्षा तपासणी करण्याचा आदेश दिला होता. भंडाऱ्याची दुर्घटना त्यानंतर महिन्याभरातच घडली.

रुग्णालयाची आग इतर इमारतींच्या आगीहून वेगळी असते. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्ण जिन्याकडे धावू शकत नाही. प्राणवायूमुळे ज्वाला झपाट्याने पसरतात आणि ज्वालांआधी धूरच जीव घेतो. म्हणून आग व धूर रोखणाऱ्या भिंती-दरवाजांनी मजल्याचे विभाग पाडावेत आणि रुग्णाला खाटेसह त्याच मजल्यावरील सुरक्षित विभागात हलवावे, असे सुरक्षाशास्त्र सांगते. विजेच्या तारांवरील भार तपासणे, जिने मोकळे ठेवणे आणि रात्रपाळीच्या परिचारिकांचाही नियमित सराव घेणे, याला पर्याय नाही.

ख्रिस्तसभेची रुग्णसेवेची परंपरा मोठी आहे. म्हणून आपले उत्तरदायित्वही मोठे आहे. आपल्या संस्थांनी प्रमाणपत्र मिळवून थांबू नये. रुग्णालये, वृद्धाश्रम व अनाथालये यांची तपासणी करून तिचा अहवाल लोकांसमोर ठेवावा. यासाठी खर्च येईल आणि लहान रुग्णालयांना तो जड जाईल, हे आम्ही जाणतो. धर्मग्रामांनी त्यासाठी हात पुढे करावा.

दयाळू शोमरोनीने जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवले आणि तेथील रक्षकाच्या हाती सोपवले. त्या रक्षकाची जबाबदारी आज आपल्यावर आहे. ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनी रुग्णांसाठी प्रार्थना करताना आपण त्यांच्या कक्षाचे दारही तपासावे. ते बाहेरून कुलूपबंद तर नाही ना?