मुलीची शाळा आणि जमिनीचा वारसा

गांवची शाळा संपली कीं मुलीचें शिक्षण संपलें, हा आपल्या खेड्यांतील जुना परिपाठ आहे. पुढची इयत्ता शेजारच्या गांवीं असली म्हणजे मुलासाठीं सायकल येते आणि मुलीच्या हातीं खुरपें येतें. धाकट्या भावंडांना कोण सांभाळील, कापूस कोण वेचील, वयांत आलेली पोर एकटी कशी पाठवावी, हे प्रश्न खोटे नाहींत. परंतु यांतले पहिले दोन मुलाच्या वेळीं कोणी विचारीत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं सन १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा काढली. तरी सन २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील साक्षर पुरुष शेंकडा ८८, तर साक्षर स्त्रिया शेंकडा ७६ च भरल्या. आज मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. खेड्यांतील मुलींना शाळेसाठीं एस. टी. चा प्रवासही मोफत आहे. तेव्हां खर्चाची सबब फारशी उरलेली नाहीं.

यांत शेतकऱ्याचें स्वतःचें हित आहे. सन १९९४ मध्यें महाराष्ट्रानें व सन २००५ मध्यें मध्यवर्ती सरकारनें हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती केली. वडिलोपार्जित जमिनींत मुलीचा हक्क आतां मुलाइतकाच आहे. व्यवहारांत मात्र बहिणीपुढें हक्कसोडपत्र येतें. तिला सही येते, मजकूर कळत नाहीं. कोणी म्हणेल, शिकलेली मुलगी वाटणी मागेल. मागेल किंवा सोडील. पण जें सोडील तें समजून सोडील. न समजतां घेतलेल्या सहीवर भावाबहिणींचें नातें किती दिवस टिकणार?

शिवाय आपली मुलगी उद्यां दुसऱ्याचें शेत सांभाळणार, आणि दुसऱ्याची आपलें. घरधनी नोकरीस गेला वा दगावला, तर फेरफार, पीककर्ज व औषधाच्या डब्यावरील सूचना तिलाच वाचाव्या लागतात.

उपाय आपल्या हातांतला आहे. वाडीवस्तीवरील मुली मिळून पाठवाव्या; गाडीची वेळ शाळेशीं जुळत नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून आगारप्रमुखाकडे धाडावा. पेरणी आणि शाळेंत नांव घालणें, दोन्ही जून महिन्यांतच येतात. बियाण्याची पिशवी घरीं आणतांना मुलीचें नांव पुढच्या इयत्तेंत घातलें कीं नाहीं, एवढें प्रत्येक शेतकरी बंधूनें पहावें, ही विनंति आहे.