‘डेड’ म्हणण्याआधी

सिग्नलच्या ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. सेट बोलत नसेल तर आधी बॅटरी बघ, मग कनेक्शन, मग स्विच. सेट उघडायचा तो सगळ्यात शेवटी. मागच्या हिवाळ्यात लेहला ते पुन्हा कामी आलं.

आमचा साताऱ्याकडचा एक जवान दिल्लीच्या जुन्या बाजारातून मुलासाठी गेम बॉय घेऊन आला. 1989 सालचं ते पहिलं मॉडेल, वीटेएवढं, चार पेन्सिल सेलवर चालणारं. दुकानात चालला, बराकीत मेला. चार दिवसांनी सुट्टीवर निघायचं, पोराला फोनवर कबूल केलेलं. “साहेब, पंधराशे गेले बघा,” म्हणाला. शेजारच्या पलंगावरून सल्ला आला, फेकून दे, नवीन मोबाईल घेऊन दे.

या फेकून दे म्हणण्याचा मला राग आहे. न तपासता ‘डेड’ ठरवणं हा आळस आहे, आणि तो आता फौजेतही शिरलाय.

आधी त्याला सेल काढून अर्धा तास खिशात ठेवायला सांगितलं. थंडीत सेल नुसता मीटरला लावला तर बरा दिसतो, लोड पडला की बसतो. चार्जिंगचे सेल असतील तर आणखी एक हिशेब: साधा सेल दीड व्होल्टचा, हा 1.2 चा. चारांचे सहाऐवजी 4.8 होतात. यंत्र त्यावर चालतं, पण सेल थोडे उतरलेले असले की आधी तेच रुसतं.

सेल गरम करूनही लाल दिवा लागेना. मग टॉर्च मारून सेलच्या घरात पाहिलं. एका स्प्रिंगवर पांढरी-हिरवट बुरशी. म्हणजे कोणीतरी कधीकाळी सेल आत विसरला आणि तो गळला. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्याला आंबट उतारा लागतो. लंगरात चाऊमीनसाठी व्हिनेगर होतंच. कापसाच्या काडीवर दोन थेंब, थोडा फेस, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवलं. उरलेला डाग खोडरबराने काढला. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा निघतो आणि पुढचा गंज लवकर चढतो. हात धुवायला मात्र विसरू नका, डोळ्याला लागलं तर महागात पडेल.

तरी दिवा नाही. राहिला स्विच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सरकत्या स्विचच्या आत मळ बसतो. सेल काढून तो तीसेक वेळा मागेपुढे सरकवला, फटीत स्पिरिटचा थेंब सोडला. गेमची पट्टी मुद्दाम लावली नाही, कारण पट्टीशिवायही हे यंत्र चालू होतं, कंपनीच्या नावाच्या जागी काळा चौकोन दिसतो. त्यामुळे दोष यंत्रात की पट्टीत ते वेगळं कळतं. सेल टाकले, लाल दिवा लागला, काळा चौकोन आला. बराकीत एवढी आरडाओरड झाली की गार्डवाला डोकावून गेला.

आखाती युद्धात बराकीच्या आगीत जळून काळाठिक्कर पडलेला असाच एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात बरीच वर्षं चालू अवस्थेत मांडून ठेवला होता. हे ऐकवल्यावर शेजारचा पलंग गप्प झाला.

माझं मत सरळ आहे. पोस्टिंगवर वापरायची वस्तू जुनी घ्या हवी तर, पण सेल हाताने बदलता येईल अशी घ्या. गोंदाने चिकटवलेल्या बॅटरीचा फोन तिकडे बंद पडला तर हातात फक्त काच राहते. दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारने 2022 मध्ये समिती नेमली, चांगलंच झालं. पण उघडताच न येणारी वस्तू विकत घेणारे आपणच आहोत.

जवान सुट्टीवर गेला. सेल काढून वेगळ्या पिशवीत बांधून नेले होते. आता पोराची तक्रार आहे की सेल फार लवकर संपतात, आणि त्याचं बिल आईला भरावं लागतंय.