हंसतां कोणाला?

गेल्या श्रावणांत, भाताची लावणी उरकली त्या आठवड्यांत, आमच्या शाळेंतून शिकून गेलेल्या एका मुलीचा बाप आमच्या घरीं आला. मुलगी दहावींत चांगल्या गुणांनीं पास झाली होती, कर्जतच्या कॉलेजांत तिचें नांव घातलें होतें, गाडीचा पासही काढला होता. बाप ओट्यावर टेकला आणि चहा येण्याच्या आधींच म्हणाला, "गुरुजी, पोरीला आता घरीच ठेवतो. तुम्ही रागवू नका."

कारण विचारलें तेव्हां कळलें तें असें. कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्या. एक चुकली कीं पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशा लहान स्थानकांवर दुसरीची वाट पाहत बसून राहावें लागतें. अशाच एका स्थानकावर तीन पोरें रोज या मुलीच्या मागें. अंगाला हात लावीत नाहींत, शिवी देत नाहींत. गाणीं म्हणतात, तिच्या नांवानें एकमेकांस हांका मारतात, ती गाडींतून उतरली कीं घराच्या वळणापर्यंत मागें मागें येतात. बापानें पोरांना दटावण्याऐवजीं पोरीचा पास बंद केला. आमच्या दोन्ही तालुक्यांत हें असेंच चालतें. चूक कोणाचीही असो, दंड मुलीच्या शिक्षणाला.

त्या तिघांतल्या एकाला पाढे आम्हीं शिकविलेले. त्याला बोलावून घेतलें. तो लाजला नाहीं. उलट हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, पिक्चरमधी बघत नाय का? पोरगी पयल्यांदा नायच बोलते."

वाचकहो, हें उत्तर आमच्या डोक्यांतून जाईना, म्हणून आज बी-बियाणें आणि शाळेची गळकी कौलें हे विषय बाजूस ठेवून आम्ही विनोदी चित्रपटांविषयीं लिहीत आहोंत. शाळामास्तरानें सिनेमावर कां बोलावें, असें कोणी म्हणेल. म्हणूं द्या. ज्या पोराला आम्हीं सात वर्षें शिकविलें, त्याला अडीच तासांचा पिक्चर आमच्याहून अधिक शिकवून गेला असेल, तर आमच्या धंद्यांत आम्हांला मागें टाकणारा हा मास्तर कोण, हें पाहण्याचा आम्हांला हक्क आहे.

आम्ही सिनेमाचे वैरी नाहीं. गणपतींत वर्गणी काढून, व्ही. सी. आर. भाड्यानें आणून, देवळासमोर रात्रभर पिक्चर पाहणाऱ्या पिढींतले आम्ही. 'धूमधडाका' (१९८५), 'गंमत जंमत' (१९८७), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हे सारे आम्हीं तेथेंच, गोणपाटावर बसून पाहिले. मागच्या बाजूस म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हंसत. पहांटे वीज गेली तर शेवट काय झाला यावर दुसऱ्या दिवशीं बांधावर वाद होत. 'बनवाबनवी' आजही लागला कीं आमचें घर हातचें काम टाकून बसतें, आणि आम्ही रागें भरत नाहीं, कारण आम्हीच आधीं बसलेले असतों.

त्या चित्रपटाचें हंसूं अजून शिळें कां झालें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. लेखन वसंत सबनिसांचें, दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचें, आणि मूळ कल्पना १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटाची. म्हणजे वस्तु उसनी. पण ती मराठी माणसाला घरची वाटली, कारण तिच्या तळाशीं एक खरी अडचण होती. चार पोरें पुण्यांत राहण्याची सोय शोधतात आणि एकट्या पुरुषांना जागा मिळत नाहीं, जोडप्यांना मिळते. म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. तो मोडला तेव्हां कोंकणांतलीं व घाटावरचीं हजारों माणसें हात हलवीत गांवीं परतलीं. नोकरी नाहीं आणि डोक्यावर छप्पर नाहीं, हीं त्या काळच्या तरुणाचीं दोन दुखणीं. तीं विनोद होऊन पडद्यावर आलीं. लबाडी ही त्या पोरांची हौस नव्हती, घरभाड्याची अट होती. हें देवळासमोर बसलेल्या अडाण्यालाही समजत होतें.

त्याच्या पूर्वीं, १९३८ सालीं, अत्र्यांनीं लिहिलेला व मास्टर विनायकांनीं काढलेला 'ब्रह्मचारी' गाजला. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचें व्रत घेणाऱ्या तरुणाची त्यांत फजिती होती. थट्टा शहरांतल्या शिकलेल्या तरुणाची आणि करणारेही त्याच्याच घरचे. नांगरामागचा पोरगा त्या हंसण्याच्या गांवींही नव्हता. त्याला मध्यभागीं आणलें तें मुंबईच्या कामगारवस्तींत वाढलेल्या दादा कोंडक्यांनीं. १९७१ सालीं 'सोंगाड्या' आला आणि ढगळ चड्डीचा, लोंबत्या नाडीचा खुळा नाम्या नायक झाला. मुंबईंत कोहिनूर थिएटरांत तो लागावा यासाठीं शिवसेनेला मध्यें पडावें लागलें, हें तर सर्वांस ठाऊकच आहे. दादांच्या दुहेरी अर्थाच्या बोलण्याविषयीं आमचें मत चांगलें नाहीं, आणि तें हंसूं बायाबापड्यांच्या अंगावरून जात होतें हेंही खरें. परंतु त्यांचा खुळा शेवटीं शहाण्यांनाच खुळ्यांत काढी. तमाशांतल्या सोंगाड्याचा हा जुनाच हक्क होता. राजाला आणि पाटलाला तोंडावर बोलावें आणि वर बिदागी घ्यावी. जोतीरावांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें, त्यांतला विदूषकही असाच. कुणब्याच्या घरीं येऊन ग्रहांची भीति घालणाऱ्या जोशाचें बिंग तो प्रेक्षकांसमोर फोडतो. त्या हंसण्याची धार खालून वर जात असे.

आतां ती कोणीकडे जाते? ३ जानेवारी २०१४ रोजीं रवी जाधवांचा 'टाइमपास' आला. रिक्षावाल्याचा पोरगा दगडू परब, दहावी नापास, वर्तमानपत्रें टाकणारा. आणि लेल्यांची प्राजक्ता. आम्ही न्यायानें बोलूं. प्राजक्ताच्या बापाच्या तुसडेपणाला चित्रपट सोडीत नाहीं, आणि दगडूचा अपमान होतो तो प्रेक्षकाला झोंबतो. आमच्या पोरांना दगडू आपला वाटला यांत नवल नाहीं. त्यांच्यासारख्या घरचा मुलगा नायक म्हणून पडद्यावर किती वेळां येतो? पण तो आला तो कसा? नापास होणें ही त्याची गंमत, आणि अभ्यास म्हणजे लेल्यांच्या घरचें काम. आम्हांला सर्वांत जास्त खुपतें तें पुढेंच. केवळ वेळ घालविण्यासाठीं म्हणून तो मुलीच्या मागें लागतो, आणि मग खरेंच प्रेम जडतें. शेवटच्या प्रेमानें पहिल्या दिवसाचा पाठलाग माफ होतो, नव्हे, तो पाठलाग गोड ठरतो. आमच्या विद्यार्थ्यानें जें उत्तर दिलें त्याचा उगम येथें आहे. एकट्या या चित्रपटावर दोष ठेवणें बरें नव्हे; हिंदींतले शेंकडों चित्रपट यावरच चालले. परंतु दगडू मराठी बोलतो, म्हणून त्याचें पोरांना जवळून ऐकूं येतें.

आणि योगायोग पाहा. त्याच्या आदल्याच वर्षीं, २०१३ सालीं, मुलीनें नापसंती स्पष्ट दाखविली असतां तिच्याशीं संबंध जोडण्यासाठीं वारंवार तिच्या मागें जाणें, हा कायद्यानें स्वतंत्र गुन्हा ठरला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमांत आहे. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्या पोराचें हंसूं मावळलें. तीन वर्षें म्हणजे किती, हें त्याला लगेच समजलें. त्याचा मोठा भाऊ खोपोलीच्या कारखान्यांत तीन वर्षें कंत्राटावरच आहे.

शूटिंगचीहि एक गोष्ट सांगतों. आमच्या भागाला कॅमेरा नवा नाहीं. कर्जतजवळ नितीन देसायांनीं २००५ सालीं स्टुडिओ उभारला, २००८ च्या 'जोधा अकबर'चे महाल याच मातींत उभे राहिले, आणि २०२३ च्या ऑगस्टांत देसायांनीं त्याच जागीं प्राण सोडला. पण ही गोष्ट त्या स्टुडिओची नव्हे. कोणा दुसऱ्याच मंडळींची. त्यांना खेड्यांतला विनोदी प्रसंग हवा होता. आमच्या गांवचीं दहाबारा पोरें धुतलेल्या जीन घालून, केस कापून हजर झालीं. त्यांच्याकडे पाहून व्यवस्थापकाचें तोंड वांकडें झालें. हीं खेड्यांतलीं वाटत नाहींत, म्हणाला. मग पेटींतून फाटके सदरे निघाले, गालांना माती लागली, आणि शहरांतली मुलगी मोटारींतून उतरते तिच्याकडे तोंड उघडें टाकून पाहावयाचें, असें काम ठरलें. रोजगार रोख मिळाला, पोरें खूष. दुपारीं त्यांचा मोठा दिवा बंद पडला. आमच्या पोरांपैकीं एक आय. टी. आय. झालेला वायरमन, त्या फाटक्या सदऱ्यांतच त्यानें तो दुरुस्त करून दिला. तो प्रसंग मात्र कोणी टिपला नाहीं.

बोलीचेंही तसेंच. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा पडद्यावर आला कीं थिएटर हंसावयास तयार. आमच्या वर्गांत आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी अशीं सर्व घरचीं मुलें बसतात. वाडीवरची एक मुलगी उत्तर द्यावयास उठली, बरोबर उत्तर दिलें, आणि मागच्या बांकावरून कोणीतरी पिक्चरमधल्या नोकराच्या आवाजांत तिचेंच वाक्य तिला परत केलें. ती महिनाभर उठली नाहीं. मच्छिंद्र कांबळींनीं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर गाजविलें तेव्हां मालवणी बोलीला लोक हंसले नाहींत काय? पोट धरून हंसले. पण तेथें बोली हंसविणारी होती. बोलीला हंसणें निराळें.

नागराज मंजुळ्यांचा 'सैराट' २०१६ सालीं आला त्याचा पूर्वार्ध आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. अर्ची ट्रॅक्टर चालविते, बुलेट चालविते, पोरांना वळून विचारते. त्या भागांत हंसूं आहे आणि मुलगी त्या हंसण्याची धनीण आहे. उत्तरार्ध आमच्या पोरांना आठवत नाहीं. विचारलें तर विषय बदलतात.

असो. पिक्चरवाल्यांना शिव्या घालून आमची सुटका होणार नाहीं. आमच्या गांवांत वयांत आलेल्या मुलामुलींनीं चार शब्द बोलण्याची जागा कोणती? शाळेंत आम्ही त्यांचे बांक वेगळे मांडतों, घरीं कोणी कांहीं सांगत नाहीं, देवळाच्या पारावर म्हातारे. मग जो सांगेल त्याचें पोर ऐकतें. आणि कबूल करावयाचें तर सर्वच करूं: कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच स्नेहसंमेलनांत पोरांनीं दगडूचें सोंग आणलें होतें, मुलगी म्हणून एका पोरालाच ओढणी दिली होती, आणि पहिल्या रांगेंत बसून आम्हींच टाळ्या वाजविल्या होत्या. आजचा हा विद्यार्थी तेव्हां दुसरींत होता. त्यानेंही पाहिलें असेल.

त्या मुलीच्या घरीं आम्ही दोनदां गेलों. बापाशीं बोलून उपयोग झाला नाहीं. तिच्या आईशीं झाला. आतां ती शेजारच्या वाडीच्या दोन मुलींबरोबर आणि भाजी घेऊन कर्जतला जाणाऱ्या एका मावशींबरोबर त्याच गाडीनें जाते. पास पुन्हां काढला आहे. तिघांपैकीं दोन पोरें स्थानकावर येत नाहींत. तिसरा येतो, पण पाठ फिरवून उभा राहतो.

यंदाच्या स्नेहसंमेलनांत विनोदी नाटुकलें होणारच, पोरें त्याशिवाय ऐकावयाचीं नाहींत. पण तें मुलींनीं लिहावयाचें असें आम्हीं ठरविलें. त्यांनीं लिहिलें आहे, गांवच्याच बोलींत. स्थानक आहे, गाडी उशिरा आहे, आणि मागें मागें येणारा एक हिरो आहे, ज्याला भाजीवाल्या मावशी सबंध वाट आपली टोपली डोक्यावर वाहावयास लावतात. हिरोचें सोंग घ्यावयास एकही पोरगा तयार होईना, म्हणून मुलींनीं तें आम्हांला दिलें आहे. तालमी सुरू आहेत. टोपली खरी आहे आणि जड आहे.