जुन्या पाकिटावरचं तिकीट सोडवू नका

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. आगाशी, नाळे, पापडीच्या जुन्या घरांत तिच्यात हमखास आजोबांची पत्रं निघतात. पंचम जॉर्जचं तिकीट दिसलं की मुलं पाकीट पाण्यात भिजवायला धावतात. तेवढं करू देऊ नका.

अर्ध्या आण्याची तिकिटं सरकारनं अमाप छापली. सुट्या तिकिटाला सहसा कोणी विचारत नाही. शिक्का मात्र त्या एका पत्राचा असतो. तो अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर उमटलेला असतो. तिकीट सोडवलंत की गावाचं नाव एकीकडे आणि तारीख दुसरीकडे.

तुम्ही वसईकरांनी तर जास्तच जपायला हवं. इंग्रजांच्या दप्तरी वसई म्हणजे 'बॅसीन'. वसई रोडचा रेल्वे कोड अजून 'बीएसआर'च आहे. पण ब्रह्मदेशात इरावतीच्या खोऱ्यातही एक बॅसीन होतं, आजचं पाथेन. स्पेलिंगही तेच. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, तिकडेही आपलीच तिकिटं चालत. मग सुट्या तिकिटावर नुसतं 'बॅसीन' दिसलं तर ते कुठलं म्हणणार? अख्खं पाकीट असेल तर उलटून पाहा. मागे बहुधा पोचल्याचा शिक्का असतो. तो आणि पत्ता मिळून उलगडा होतो.

शिक्का पुसट असेल तर बॅटरीचा उजेड आडवा पाडा. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा. पेनानं गिरवू नका.

टाचण्या काढा, त्या गंजतात. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. आपल्याकडे जुलैत भिंतीलासुद्धा बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकची पिशवी टाळा. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, कपाटात ठेवा.

आणि एक. पावत्यांवर, दस्तांवरही राजाच्या तोंडवळ्याची तिकिटं असतात. त्यांना हातच लावू नका. उद्या वाडीच्या वादात तोच कागद लागला तर वकिलापुढे काय ठेवाल?

रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. दारात येऊन कोणी भाव सांगितला तरी लगेच हो म्हणू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन आधी जाणत्याला दाखवा. मुंबईच्या जीपीओत तिकीटसंग्राहकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे चौकशी करा. फोटो ग्रुपवर टाकायचाच तर पाकिटाचा टाका. आतलं पत्र घरातच राहू द्या.